हो हो, दिसला बिटर्न

१४ सप्टेंबर, बुधवार

ही वही ग्लॅडिसने पाठवली. "पाणथळीवर जायला लागलीस तर रोज काय दिसलं ते लिहून ठेव," म्हणाली. ग्लॅडिस माझी धाकटी बहीण. राहते लेस्टरला, पण तिचे हुकूम नॉरफोकपर्यंत पोचतात. तर लिहिते. आज काय दिसलं? काहीही नाही. तरी मी दिसलं असं सांगून आले.

झालं असं. सकाळी नवा लाल स्वेटर घालून पाणथळीच्या फाटकावर हजर झाले. तिथलं सगळं बघणाऱ्या फिलिपा गूच म्हणाल्या, "स्वागत आहे, मिसेस बन! फक्त... उद्यापासून जरा मळकट रंग घालाल का? पक्षी बुजतात." मग मला त्या लपणात घेऊन गेल्या. लपण म्हणजे पाण्याकाठची लाकडी खोली. आत एक लांब बाक, समोर जेमतेम फूटभर उंचीच्या आडव्या खिडक्या, आणि पलीकडे तळं आणि बोरूचं बन. आत बोलायचं ते चर्चमध्येसुद्धा बोलत नाहीत इतकं हळू. मी तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांवर ओरडलेली बाई. माझी कुजबुज शेजारच्या गल्लीत ऐकू जाते. म्हणून तोंड मिटून बसले.

बाकावर फिलिपाबाईंखेरीज पाइप नवराबायको होते, एकाच लोकरीचे स्वेटर घातलेले. आणि पार कोपऱ्यात मिस्टर लार्टर. हे अकरा वर्षं रोज येतात म्हणे, आणि बोलतात वर्षाला एक वाक्य.

सगळे बिटर्नची वाट बघत होते. हा बगळ्याच्याच कुळातला, पण रंग वाळक्या बोरूचा. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून बोरूत बोरू होऊन उभा राहतो. म्हणजे न दिसणं हाच त्याचा धंदा. इतक्यात मिस्टर पाइप कुजबुजले, "तिथे! कललेल्या खांबाच्या डावीकडे!"

"अय्या, हो!" मिसेस पाइप.

"वा, वा," फिलिपाबाई. आणि मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे. "दिसला ना, मिसेस बन?"

मला बोरू दिसत होता. नुसता बोरू. पण नवीन बाई, पहिला दिवस, सगळ्यांनी सरकून जागा दिलेली. कुणाकडे जेवायला गेल्यावर 'मीठ कमी आहे' म्हणतं का कोणी? मी म्हणाले, "हो हो, दिसला! किती देखणा!"

लार्टरांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग बाहेर बघितलं, आणि मान हलवली. "हं. देखणा."

फिलिपाबाईंनी फाटकावरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बिटर्न, पाच जणांनी पाहिला.

१५ सप्टेंबर

ग्लॅडिसचा फोन. सगळं सांगितलं.

"मग 'नाही दिसला' म्हणायला काय जीव जात होता तुझा?"

"तुला इथली माणसं माहीत नाहीत."

"माणसं सगळीकडे सारखीच गं. तूच एक नग आहेस."

तिला काय कळणार! माझा नवरा रॉन गेल्यावर मी या गावात घर घेतलं, त्याला दोन वर्षं झाली. माणसं गोड आहेत. कुंपणावरून 'आज हवा बरी आहे' म्हणतात आणि दार लावून घेतात. काल पहिल्यांदा कोणीतरी न विचारता स्वतःच्या थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतला. तो चहा मी एका पाखरापायी घालवणार नाही.

१९ सप्टेंबर

मेले!

ऑक्टोबरच्या तेवीस तारखेला, रविवारी, पाणथळ सगळ्यांना खुली असते. नॉरिचहून बसगाड्या भरून लोक येतात. प्रत्येक लपणात आपलं एक माणूस उभं राहून पक्षी दाखवतं. आज चहाच्या वेळी फिलिपाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बिटर्नच्या लपणात यंदा मिसेस बन! पहिल्याच दिवशी बिटर्न म्हणजे काय नजर आहे! शिवाय यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचेल."

मी म्हणाले, "आनंदाने." आनंदाने! आपल्या हाताने पायावर धोंडा म्हणतात तो हाच.

म्हणजे तेवीसच्या आत तो बिटर्न मला दिसलाच पाहिजे. निदान एकदा. कुठून निघतो, कुठे बसतो, एवढं तरी कळायला हवं. नाहीतर भर लोकांत उघडी पडेन. कोणी काही बोलणार नाही म्हणा. इथे कोणी कधी काही बोलत नाही, तेच तर वाईट. नुसतं 'आज हवा बरी आहे' म्हणतील आणि दार लावतील.

२२ सप्टेंबर

उजाडता उजाडता गेले. कललेल्या खांबासमोरची खिडकी धरायचीच असं ठरवून. बघते तर तिथे लार्टर! मला बघताच उठला, "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. बाक गरम लागला. म्हणजे किती वेळ बसून होता लबाड!

चक्रांग बदकं, टिटव्या, एक खंड्या. बिटर्न नाही.

२३ सप्टेंबर

आज अजून लवकर गेले. हा आपला तिथेच. पुन्हा उठला. मी म्हणाले, "अहो, बसा तुम्हीच. तुमची जागा आहे."

"नाही नाही. सकाळी लाकूड दवाने ओलं असतं," म्हणाला.

म्हणजे काय? मला संधिवात आहे असं सुचवायचंय का याला?

२८ सप्टेंबर

माझ्या जागेवर आज एक हिरवी लोकरीची उशी. विचारलं, कोणाची?

"घरी पडून होती," लार्टर म्हणाला.

उलटून बघितली तर खाली दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. विसरभोळा माणूस. स्वतःची नवी उशी कधी आणली तेही लक्षात नाही. उशी मात्र मऊ आहे.

आल्याचा केक केला होता. पाइपांनी एकेक तुकडा घेतला, 'छान झालाय हं' म्हणाले. लार्टरने तीन खाल्ले, चौथा रुमालात बांधून घेतला. लग्न केलं नाही म्हणे, आई अंथरुणाला होती म्हणून. एकट्या पुरुषाची खाण्याची आबाळच होते.

३ ऑक्टोबर

दिसला!! दिसला, दिसला, दिसला!

खांबाच्या डावीकडे, पाण्यापासून जरा आत, तपकिरी, मान ताठ, चोच वर. मी श्वास रोखून बसले. पाय बधिर झाले, नाक गळायला लागलं, पण हलले नाही. तोही हलला नाही. काय संयम त्या जीवाचा! लपणात फक्त मी आणि लार्टर. शेवटी राहवेना, मी बोटाने दाखवलं.

लार्टर माझ्या खिडकीशी आला. बराच वेळ बघत राहिला. मग अगदी हळू, जणू कोणी आजारी आहे अशा आवाजात म्हणाला, "मिसेस बन, तो खुंट आहे."

"खुंट?"

"जुन्या धक्क्याचा. पहिली दोन वर्षं मी रोज त्याला 'गुड मॉर्निंग' म्हणायचो."

मला आधी रडू येणार होतं, पण हसूच आलं. तोंडावर मफलर दाबला तरी बदकं उडाली. लार्टरचे खांदे हलत होते. बाहेर बघत होता, म्हणून तोंड दिसलं नाही.

नंतर घरी येताना वाटलं, मी पहिल्या दिवशी बिटर्न बघितलेली बाई. मग खुंटाला कशी फसले, असं त्याने विचारलं का नाही?

९ ऑक्टोबर

आज बिटर्नचं नाव काढायचं नाही. आज कलहंस आले.

उत्तरेकडून येतात, बर्फाच्या मुलखातून, दरवर्षी याच आठवड्यात. आम्ही पाचही जण बाहेर बांधावर उभे होतो. आधी नुसता आवाज, लांब कुठेतरी शाळा सुटल्यासारखा. मग आभाळाच्या कडेला रेघा. रेघांमागून रेघा. डोक्यावर आले तेव्हा पंखांचा वारासुद्धा ऐकू येत होता, आणि सगळे एकमेकांशी बोलत होते, आलो गं, आलो, पोचलो एकदाचे. मी ओरडलेच, "या रे बाबांनो, या!" तीस वर्षं जेवायच्या सुट्टीत ओरडायचे तशी. फिलिपाबाई दचकल्या. पाइपांनी बोट ओठांवर ठेवलं. लार्टर मात्र मोठ्याने हसले. या माणसाला हसताना दात दिसतात हे मला आज कळलं.

आणि मग मी रडले. रॉनला हे दाखवायचं राहिलं म्हणून रडले, आणि मला दिसलं म्हणूनही. लार्टरांनी आपला घडी केलेला रुमाल पुढे केला. त्याला आल्याच्या केकचा वास होता.

१६ ऑक्टोबर

सर्दी, खोकला, तीन दिवस घरात. सात दिवस उरलेत आणि मी इथे सूप पीत बसलेय.

दुपारी दारावर थाप. लार्टर! हातात त्यांच्या मळ्यातल्या कांद्याच्या पातीची जुडी, बायका लग्नात फुलं धरतात तशी धरलेली. आत या म्हटलं तर बूट चिखलाचे आहेत म्हणाले. बूट स्वच्छ होते, चकचकीत पॉलिश केलेले. पायरीवर उभ्याउभ्या तीन दिवसांचे पक्षी सांगितले. संध्याकाळी भोरड्यांचे थवे जमायला लागलेत, एक पाणमांजर पिल्लाला घेऊन बांध ओलांडून गेलं. दर वाक्यानंतर निघाल्यासारखं करायचे आणि पुन्हा थांबायचे.

मी तोच लाल स्वेटर घातला होता, घरात कोण बघतंय म्हणून. जाताना म्हणाले, "लाल छान दिसतो." मग एकदम टोपी घातली. "म्हणजे, थंडीला चांगला."

ग्लॅडिसला सांगितलं. म्हणाली, "हा गडी ताकाला येऊन भांडं लपवतोय."

"ताक कुठलं, पात घेऊन आला होता. मी नव्हते तर किती काय काय दिसलं, हे ऐकवायला आला होता झालं."

"अगं बये," ग्लॅडिस म्हणाली, आणि बराच वेळ तेवढंच म्हणत राहिली.

२१ ऑक्टोबर

परवा रविवार. बिटर्न नाही म्हणजे नाही.

आज लाज गुंडाळून लार्टरांना विचारलं, सहज विचारल्यासारखं. "हा बिटर्न साधारण कुठल्या बाजूला येतो हो?"

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "कदाचित नाहीच दिसणार."

"अहो, पण रविवारी!"

"नाही दिसला तरी काही बिघडत नाही, मिसेस बन."

असा राग आला! यांना काय जातंय बोलायला? अकरा वर्षं बघून बसलेत, आता म्हणतात काही बिघडत नाही. लोकांपुढे उभं मला राहायचंय. केकचा डबा न उघडताच घरी आणला.

खोकला पुन्हा वाढला म्हणून रविवारी कळवावं का? पण फिलिपाबाईंनी माझ्या नावाची पाटी रंगवून घेतलीय. हिरव्या रंगात. 'श्रीमती एनिड बन, बिटर्न.' म्हणजे मीच बिटर्न असल्यासारखी.

२३ ऑक्टोबर, रविवार

आल्याबरोबर लिहायला बसलेय.

सकाळी लपण खच्चून भरलेलं. बाकावर बसलेले, मागे उभे, दारात अडकलेले. पाइप नवराबायको, फिलिपाबाई, सगळे माझा कार्यक्रम बघायला आलेले. लार्टर त्यांच्या कोपऱ्यात. माझ्या जागेवर हिरवी उशी, आणि तिच्यावर पिसाची टोपी घातलेली एक नॉरिचची बाई.

"बिटर्न इथेच ना? बाहेर फळ्यावर वाचलं. कुठे बघायचं?"

मी हात वर केला. सगळ्यांच्या माना हाताबरोबर वळल्या. म्हणाले, "तो कललेला खांब दिसतोय ना, त्याच्या डावीकडे..."

पुढे मी सांगणार होते की तिकडे कधीकधी असतो, धीर धरावा लागतो, असं काहीतरी गोलमाल. पण टोपीवाली बाई लगेच म्हणाली, "हो हो, दिसला! किती देखणा!"

मी बघितलं. तिथे वाऱ्यावर बोरू हलत होता.

"खरंच की," तिचा नवरा म्हणाला. मागून आणखी दोघं, "वा, वा." माझं पहिल्या दिवसाचंच वाक्य, तेच शब्द, तोच गोड आवाज. बाई माझ्याकडे वळली. "तुम्हालाही दिसतोय ना?"

तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज फुटेना. फिलिपाबाई हसून माझ्याकडे बघत होत्या.

आणि कोपऱ्यात लार्टर उठले. इतक्या घाईने उठले की डोकं छताच्या तुळईला आपटलं. चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मला नाही दिसत."

लपणात असं मोठ्याने कोणी कधी बोललंच नव्हतं.

"अकरा वर्षांत मला कधीच दिसला नाही," ते म्हणाले. कान लालबुंद झाले होते. "एकदाही नाही."

"पण मिस्टर लार्टर," फिलिपाबाई म्हणाल्या, "त्या दिवशी? फळ्यावर..."

"त्या दिवशीही नाही. मिसेस बन नवीन होत्या. त्या हो म्हणाल्या. मग आपण नाही म्हणून त्यांना एकटं कसं पाडायचं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सगळं गाव यांना मानतं, पाणथळीवरचं शेवटचं बोलणं यांचं. आणि हा भला माणूस नॉरिचच्या लोकांदेखत, टाळूवर टेंगूळ घेऊन, आपली अकरा वर्षांची अब्रू अशी कागदासारखी फाडून देतोय. कशासाठी, ते मला कळेना. पण त्यांना तिथे एकटं उभं बघवेना. माझा आवाज परत आला, शाळेच्या स्वयंपाकघरातला.

"मलाही नाही दिसला! मला खुंट दिसला!"

मग मिस्टर पाइप खाकरले. "मला, म्हणजे, काहीतरी वाटलं होतं. मग सगळेच हो म्हणाले, तेव्हा माझी खात्री पटली."

"मी तर तुमच्याकडे बघून हो म्हणाले," मिसेस पाइप नवऱ्याला म्हणाल्या. "तुमचा चष्मा नवा होता ना!"

"आणि मी तुम्हा दोघांकडे बघून," फिलिपाबाई म्हणाल्या, आणि मटकन बाकावर बसल्या. म्हणजे महिनाभर आमच्या पाचही जणांची अळीमिळी गुपचिळी! टोपीवाली बाई खिडकीकडे बघत म्हणाली, "आता मला वाटतंय, ते बोरूच असेल."

आधी कोण हसलं ते माहीत नाही. बहुतेक मीच. मग सगळेच. दारातले, मागचे, टोपीवालीचा नवरा मांडीवर थापा मारत. अख्खं लपण हादरलं. लार्टर एका हाताने टेंगूळ धरून उभे, आणि मी त्यांच्याकडे बघत डोळे पुसतेय.

तेवढ्यात किंकाळ्या! "तो बघा! तो बघा! अरे देवा!"

बिचारा अगदी खिडकीखालीच उभा होता म्हणे, सकाळपासून, बोरूत बोरू होऊन. आमचा गोंधळ त्याला सोसवला नाही. उठला आणि खिडकीसमोरून सबंध तळं ओलांडून गेला. सोनेरी तपकिरी, पंख सुपाएवढे, पाय मागे लोंबकळत. मिसेस पाइप हुंदके देत सांगत होत्या. मी वळून बघितलं तेव्हा बोरूचे शेंडे तेवढे हलत होते.

फिलिपाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "दिसला ना, मिसेस बन? या खेपेला तरी दिसला ना?"

"नाही," मी म्हणाले. आणि सांगते, इतकं सोपं गेलं.

"अगं बाई! मिस्टर लार्टर, तुम्हाला तरी?"

"नाही," लार्टर म्हणाले. आणि हसत होते, अगदी दात दिसेपर्यंत, जणू त्यांना दहा दिसले.

नंतर चहाला मिसेस पाइपनी मला घरी बोलावलं. कुंपणावरून नाही, आत. फळ्यावर आता लिहिलंय: बिटर्न, दोन लपणकर सोडून सगळ्यांनी पाहिला.

२४ ऑक्टोबर

ग्लॅडिस इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. पुन्हा उचलून म्हणाली, "थांब, थांब. पक्षी उडाला तेव्हा तू कुठे बघत होतीस?"

"लार्टरांकडे. त्यांच्या डोक्याला लागलं होतं."

"आणि तो?"

म्हटलं, तेच तर कोडं आहे. अकरा वर्षं थंडीवाऱ्यात ज्याची वाट बघितली, तो नाकासमोरून गेला, आणि हे नेमके उलटीकडे तोंड करून उभे. तिकडे खिडकीसुद्धा नाही. तिकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त मी होते.

ग्लॅडिसचं हसू थांबलं. मग म्हणाली, "एनिड, उद्या तो लाल स्वेटर घालून जा."

पक्षी बुजतात, हे तिला कुठे माहीत! तरी कपाटातून काढून खुर्चीवर ठेवलाय.